टांकसाळीच्या चुका व त्यांचें मोल



गेल्या वर्षीं नववीच्या वर्गांत मिश्रधातूंचा धडा चालला असतां मीं अमेरिकेंतील एका शाळकरी मुलाची गोष्ट सांगितली. १९४७ सालीं पिट्सफील्ड नांवाच्या गांवीं सोळा वर्षांच्या एका मुलास शाळेच्या उपाहारगृहांत सुट्या पैशांबरोबर एक सेंटचें तांबूस नाणें मिळालें. त्यावर साल होतें १९४३. त्या सालीं महायुद्धासाठीं तांबें हवें होतें, म्हणून अमेरिकेच्या टांकसाळींत सेंटचीं नाणीं जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचीं पाडण्यांत आलीं; दिसण्यांत तीं पांढुरकीं. मग हें तांबूस नाणें आलें कोठून? आदल्या सालच्या तांब्याच्या मिश्रधातूच्या कांहीं चकत्या कोठें तरी अडकून राहिल्या होत्या, आणि त्या पोलादी चकत्यांबरोबर ठशाखालीं गेल्या. मुलानें तें नाणें जन्मभर जपलें. २०१८ सालीं तो वृद्ध होऊन वारला, आणि २०१९ च्या जानेवारींत लिलावांत त्या एका सेंटास २ लक्ष ४ हजार डॉलर किंमत आली.

गोष्ट खरी आहे. पण तास संपला, घंटा झाली, आणि ती मीं तेथेंच सोडिली.

पंधरा दिवसांनीं त्या वर्गांतील एका मुलाचे वडील मजकडे आले. हातांत रुमालांत बांधलेलें पांच रुपयांचें एक नाणें. छाप किंचित् एका बाजूस सरकलेला. मोबाईलवर एक जाहिरात पाहून त्यांनीं कोणास तरी त्याचें चित्र पाठविलें होतें. समोरच्या गृहस्थानें पांच लक्ष रुपये देऊं केले, आणि आधीं ‘नोंदणी’ म्हणून कांहीं रक्कम मागितली. ती यांनीं भरली. मग ‘कर’ म्हणून अधिक मोठी रक्कम मागितली. ती यांनीं मुलाच्या वसतिगृहाच्या फीसाठीं ठेविलेल्या पैशांतून भरली. त्यानंतर पलीकडचा दूरध्वनि बंद.

“गुरुजी,” ते म्हणाले, “चुकलेल्या नाण्याला लाखों मिळतात असें आपणच सांगितलेंत ना? पोरगा घरीं येऊन तेंच म्हणत होता.”

“सांगितलें खरें,” मी म्हणालों. याहून अधिक कांहीं त्या वेळीं मला बोलवेना.

त्या दिवशीं राहिलेली अर्धी गोष्ट आज येथें सांगत आहें.

त्या मुलानें अमेरिकेच्या सरकारी खजिन्याकडे चौकशी केली, तेव्हां १९४३ चे सगळे सेंट पोलादाचेच आहेत असें उत्तर त्यास मिळालें. असें नाणें आणून देणारास मोटारीचे कारखानदार हेन्री फोर्ड मोटार बक्षीस देतात अशी बोलवा त्या वेळीं होती. तीहि खोटीच ठरली. नाण्याची कीर्ति पसरतांच लबाडांनीं पोलादी सेंटांवर तांब्याचा मुलामा चढविण्यास आरंभ केला. कोणी १९४८ च्या खऱ्या तांब्याच्या सेंटावरील आठाचा आंकडा कोरून त्याचा तीन केला. खऱ्या चुका कशाबशा वीस-पंचवीस. खोट्यांस सुमार नाहीं. मुलामा दिलेला खोटा सेंट मात्र एका क्षणांत ओळखूं येतो. लोहचुंबक जवळ न्या. पोट पोलादाचें असेल तर तो उडी मारून चिकटतो. विज्ञानाच्या खोलींतील दोन रुपयांचा चुंबक जेथें निवाडा देतो, तेथें माणसें पदरचे शेंकडों रुपये घालवितात, हें नवल नव्हे काय?

तर चूक खरी कोणती आणि खोटी कोणती हें कळण्यास नाणें कसें पाडतात तें आधीं कळलें पाहिजे. धातूच्या लांब पट्ट्यांतून गोल चकत्या छेदून काढितात. त्या तापवून मऊ करितात, धुतात, आणि एका यंत्रांतून त्यांचा कांठ दाबून किंचित् उचलून घेतात. मग चकती दोन ठशांच्या मध्यें येते. खालीं एक ठसा, वर एक, आणि भोंवतीं पोलादाचें कडें. ठशांचा दाब बसला कीं धातु पसरूं पाहते. कडें तिला आवरून धरितें, आणि त्याच क्षणीं दोन्ही बाजू व कांठ सिद्ध होतात. आजचीं यंत्रें हें काम मिनिटास शेंकडों वेळां करितात. म्हणजे चूक होण्याच्या जागा तीनच: चकतींत, ठशांत, किंवा दोहोंची गांठ पडते त्या क्षणीं. कोणी ‘चुकलेलें’ म्हणून नाणें दाखविलें, कीं मी मनांत एवढेंच विचारितों, हें टांकसाळींत कोणत्या पायरीवर घडलें असेल? जें कोणत्याच पायरीवर घडूं शकत नाहीं, तें टांकसाळीबाहेर घडलें आहे.

चकतींतील चुकांपैकीं सर्वांत सुबोध म्हणजे चावा. पट्टी पुरेशी पुढें सरकली नाहीं, तर छेदणारें यंत्र आधींच्या भोंकावर थोडें चढून पडतें आणि चकतीस चंद्रकोरीसारखी खांच राहते. जणूं कोणी भाकरीचा एक घास घेतला आहे! आपल्या शाळेच्या गरीब-निधीच्या पेटींत असें एक रुपयाचें नाणें मला सांपडलें होतें. (पेटींत तेवढाच दुसरा रुपया टाकून तें मीं विज्ञानाच्या खोलींत ठेविलें आहे, हें हिशेबनिसांच्या समाधानासाठीं येथें नमूद करितों.) पण अशी खांच कानशीनेंहि पाडतां येते. मग खरी कशी ओळखावी? खांचेच्या बरोबर समोरचा कांठ पाहावा. कांठ उचलणाऱ्या यंत्रांत चकती दोन बाजूंनीं दाबली जाते. एका बाजूस खांच आली कीं तेथें दाब सुटतो, आणि म्हणून समोरच्या बाजूसहि तो बसत नाहीं. खऱ्या चावलेल्या नाण्याचा समोरचा कांठ त्यामुळें बहुधा दबका व अस्पष्ट असतो. कानशीनें कापलेल्या नाण्याचा समोरचा कांठ ठणठणीत उभा असतो. कारण नाणें पूर्ण झाल्यावर तें कापलें गेलें. ही खूण समजून घेण्यास भिंग लागत नाहीं, थोडा विचार लागतो.

दाबाच्या क्षणीं होणाऱ्या चुका डोळ्यांत अधिक भरतात. चकती कड्यांत नीट न बसतां बाजूस राहिली, तर अर्धें नाणें छापलेलें व अर्धें कोरें निघतें. कडें खालींच अडकून राहिलें तर धातु मोकळी पसरते. नाणें नेहमीपेक्षां रुंद होतें व कांठावरील रेषा उमटत नाहींत. कधीं एक नाणें वरच्या ठशास चिकटून राहतें. मग पुढच्या चकतीवर ठशाऐवजीं त्या नाण्याचीच मुद्रा बसते, आणि एका बाजूस नेहमींची उठावाची मुद्रा व दुसरीवर तीच मुद्रा उलटी व खोल गेलेली असें विचित्र नाणें जन्मास येतें. त्यावरील अक्षरें वाचण्यास आरसा घ्यावा लागतो! ठसा आपल्या जागीं फिरला तर मात्र दोन्ही बाजू स्वतंत्रपणें निर्दोष दिसतात. दोष त्यांच्या नात्यांत असतो. त्याची परीक्षा अशी. नाणें वर व खालीं दोन बोटांनीं धरा, सिंहमुद्रा सरळ ठेवा, आणि उभ्या अक्षावर गर्रकन फिरवा. आपल्या देशाचीं नाणीं अशीं पाडिलेलीं असतात कीं मागची बाजूहि सरळच दिसावी. ती आडवी किंवा उलटी आली तर ठसा फिरला होता. दोन-चार अंशांचा फरक कोणी मोजीत नाहीं. अमेरिकेचीं नाणीं मात्र मुळांतच उलट मांडणीचीं असतात. परदेशांतून आलेल्या काकांच्या नाण्यावर हा प्रयोग करून ‘सांपडलें’ म्हणून ओरडूं नये.

ठशांतील चुका अभ्यासास सर्वांत गोड. लक्षावधि वेळां दाब सोसून ठशास तडा जातो. तड्यांत धातु शिरते आणि नाण्यावर केसासारखी उंचावलेली रेघ उमटते. रेघ उंचावलेली आहे, हें महत्त्वाचें. ओरखडा असेल तर ती खोल जाईल. ठशाच्या खांचेंत तेल व कचरा भरला तर एखादें अक्षर किंवा सालाचा आंकडा उमटतच नाहीं. अशीं नाणीं पुष्कळ मिळतात, आणि जाहिरातींतील ‘सालाविना दुर्मिळ नाणें’ बहुधा हेंच असतें.

दुहेरी ठशाचें प्रसिद्ध उदाहरण १९५५ च्या अमेरिकन सेंटाचें. त्या काळीं मूळ मुद्रेवरून कामाचा ठसा तयार करितांना पोलादावर मुद्रा एकाहून अधिक वेळां दाबावी लागे. फिलाडेल्फियाच्या टांकसाळींत एका ठशावर दुसरा दाब किंचित् फिरून बसला, आणि त्या ठशाखालून निघालेल्या प्रत्येक नाण्यावर साल व अक्षरें दोन-दोन दिसूं लागलीं. चूक ध्यानांत येईपर्यंत तीं नाणीं इतरांत मिसळलीं होतीं. सर्व ढीग वितळविण्यापेक्षां तशींच जाऊं देण्याचें ठरलें. अशीं सुमारें वीस ते चोवीस हजार नाणीं बाहेर पडलीं असें मानितात. त्यांतील पुष्कळ लोकांच्या हातीं आलीं तीं सिगारेटच्या पाकिटांतून. कारण यंत्रांतून विकलेल्या पाकिटांत उरलेले दोन सेंट परत ठेवीत असत.

परंतु प्रत्येक दुहेरी अक्षर दुहेरी ठशाचें नव्हे. दाब बसून उठतांना सैल ठसा जरा घसरला, तर अक्षराची कड कापली जाऊन शेजारीं चपटी पायरी दिसते. असलीं नाणीं मुबलक आहेत व त्यांस संग्राहक विचारीत नाहींत. खऱ्या दुहेरी ठशांत दुसरें अक्षरहि पहिल्यासारखेंच गोलसर व उठावाचें असतें, त्याच्या कोपऱ्यांत स्पष्ट फांटा दिसतो, आणि अक्षराची जाडी वाढते. घसरलेल्यांत अक्षर उलट बारीक होतें. भिंगाखालीं दोन्ही एकदां शेजारीं ठेवून पाहिलीं, कीं पुन्हां फसगत होत नाहीं.

दोन वेगळ्या नाण्यांचे ठसे एकत्र येणें ही चूक फारच क्वचित् घडते. तिचें एक उदाहरण आपल्याच देशांतील आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळीं ऑस्ट्रेलियासाठीं पेनी व अर्ध-पेनी कलकत्त्याच्या टांकसाळींत पाडीत असत. १९१६ सालीं तेथें हिंदुस्थानच्या पाव आण्याचा राजमुद्रेचा ठसा आणि ऑस्ट्रेलियाच्या अर्ध-पेनीचा मागचा ठसा एकाच यंत्रांत बसविला गेला. अशीं नाणीं हातांच्या बोटांवर मोजण्याइतकींच ज्ञात आहेत, आणि पहिलें ओळखिलें गेलें तें १९६५ सालीं, म्हणजे जवळ जवळ पन्नास वर्षांनीं! इंग्लंडांत २००८ सालीं वीस पेन्सच्या नाण्याचा आराखडा बदलला व साल मागच्या बाजूवरून पुढच्या बाजूवर नेलें. नव्या मागच्या ठशाशीं कोणी जुना पुढचा ठसा जोडिला. साल दोन्हीकडे नाहीं. तीनशेंहून अधिक वर्षांत सालावांचून चलनांत आलेलें तें पहिलें इंग्रजी नाणें. एका पेढीनें त्यास पन्नास पौंड देऊं केले तेव्हां देशभर लोक खिसे उलटे करून पाहूं लागले.

येथें ‘डुक्कर-रुपयाची’ आठवण निघतेच. आजोबांच्या तोंडून तुम्हीं ती ऐकिलीहि असेल. १९११ च्या रुपयावर पंचम जॉर्जच्या झग्यावरील माळेंत हत्ती कोरिला होता. त्याची सोंड इतकी आंखूड व पाय इतके बुटके उमटले कीं लोकांस तें डुक्कर वाटलें. धर्मभावना दुखावल्या, रुपये मागें घेण्यांत आले. सुमारें ९४ लक्ष पाडिले होते, त्यांपैकीं ७ लक्षांच्या आसपास बाहेर गेले होते, बाकीचे वितळविले. १९१२ पासून हत्तीस नीट सोंड मिळाली. काटेकोर बोलायचें तर ही टांकसाळीची चूक नव्हे. यंत्रानें आपलें काम चोख केलें. चुकला तो आराखडा. तरीहि संग्राहक हा रुपया आवडीनें घेतात. मात्र १९११ चा रुपया म्हणजे लाखाचा रुपया, असें मुळींच नाहीं. लक्षावधि बाहेर पडलेली वस्तु अगदींच दुर्मिळ कशी होईल?

आणि जी चूकच नव्हे, तिलाहि लोक चूक म्हणतात. सालाच्या खालीं हिऱ्याची आकृति असली तर नाणें मुंबईचें, तारा असला तर हैदराबादचें, वाटोळा ठिपका असला तर नोएडाचें; कांहींच नसलें तर कलकत्त्याचें. तेव्हां ‘खूण राहून गेली’ म्हणून कलकत्त्याचें नाणें कोणी महाग विकूं लागला तर हसून सोडावें. पांच रुपयांचें जुनें जाड नाणें तांबें व निकेल यांचें, ९ ग्रॅम वजनाचें. तें चुंबकास चिकटत नाहीं. पुढें त्याच किंमतीचीं ६ ग्रॅमचीं पोलादी नाणीं निघालीं, तीं चिकटतात. मग पिवळसर धातूचीं निघालीं, तीं पुन्हां चिकटत नाहींत. तिन्हीं खरींच. दहा रुपयांच्या नाण्यांचा गोंधळ तर याहून मोठा. कांहींवर रुपयाचें नवें चिन्ह आहे, कांहींवर नाहीं. कांहींवर किरण दहा, कांहींवर पंधरा. भाजीवाल्या बाया तीं खोटीं म्हणून नाकारूं लागल्या, तेव्हां रिझर्व्ह बँकेस २०१८ च्या जानेवारींत जाहीर करावें लागलें कीं चौदाहि आराखड्यांचीं नाणीं चालू आहेत. आपल्या गांवच्या बाजारांत अजून कोणी कां-कूं केली तर हें त्यांस नम्रपणें सांगावें.

मुद्दाम बिघडविलेलीं नाणीं निराळीं. दहाच्या नाण्याचा मधला भाग ठोकून काढणें, दोन नाणीं तासून ‘दोन्ही बाजूंस छापा’ असें एक करणें, आम्लांत बुडवून पातळ करणें, हे सर्व बाहेरचे उद्योग. रुळावर नाणें ठेवून चपटें करणाऱ्या चिरंजीवांस सांगावेंसें वाटतें, कीं त्यांत जीव जाण्याचें भय आहे आणि नाण्याचेंहि मोल जातें. २०११ च्या कायद्यानें नाणें वितळविणें वा नष्ट करणें गुन्हा आहे, तें वेगळेंच. संशय आला तर तराजू हा उत्तम साक्षीदार. दहाचें दुधातूचें नाणें पावणेआठ ग्रॅमांच्या आंत-बाहेर भरतें. तासलेलें, आम्लांत झिजविलेलें, मुलामा दिलेलें नाणें वजनांत आपली चोरी कबूल करितें.

राहिला मोलाचा प्रश्न. नाण्यावर लिहिलेली किंमत सरकार देतें. त्यावरची किंमत दुसऱ्या माणसाची हौस देते. ती हौस किती, हें चार गोष्टींवरून ठरतें. चूक किती ठळक? रुपया तिळभर सरकलेला असेल तर त्याचा रुपयाच. निम्मा कोरा राहून सालहि वाचतां येत असेल तर त्यास गिऱ्हाईक भेटेल. तशीं नाणीं किती? नाण्याची स्थिति कशी? आणि तें घेणारे किती? अमेरिकेंत संग्राहक लाखोंनीं आहेत, म्हणून तेथील एका सेंटास तेवढे डॉलर आले. तोच प्रकार आपल्या पैशांत घडला असता तरी तेवढे रुपये आले नसते. जाहिरातींतील आंकडा म्हणजे किंमत नव्हे. विक्री झालेल्या लिलावांतील आंकडा म्हणजे किंमत. नाणें कधीं घासूं अथवा चिंचेनें उजळूं नये. वरची झांक गेली कीं निम्मी किंमत गेली. आणि विकणाऱ्याकडूनच आगाऊ पैसे मागणारा व्यापारी जगांत नसतो. असल्या भामट्यांनीं आपल्या नांवानें फी, दलाली व कर उकळूं नये म्हणून खुद्द रिझर्व्ह बँकेनें २०२१ च्या ऑगस्टांत लोकांस सावध केलें होतें. ती सूचना त्या वडिलांच्या हातीं वेळेवर पडली नाहीं. माझ्या हातीं ती पडली होती. पण वर्गांत मीं ती सांगितली नव्हती.

त्यांचें पांच रुपयांचें नाणें मीं भिंगाखालीं पाहिलें, प्रयोगशाळेच्या तराजूवर ठेविलें. वजन बरोबर. छाप खरोखरच सरकलेला, पण केसभर. एका बाजूचा कांठ रुंद, दुसऱ्या बाजूचा अरुंद, इतकेंच. असलीं नाणीं माझ्या पेटींत दर महिन्यास एक-दोन येतात. मीं त्यांना तसें सांगितलें. त्यांनीं नाणें पुन्हां रुमालांत बांधिलें, मग सोडिलें, आणि जातांना फाटकाजवळच्या दुकानांत देऊन मुलासाठीं एक पेन्सिल घेतली. पोलिसांत तक्रार दिली आहे. तिचा निकाल अद्याप लागावयाचा आहे. मुलाची वसतिगृहाची फी तूर्त भागली आहे, आणि तो आतां दहावींत आहे.

दर शनिवारीं शाळा सुटल्यावर विज्ञानाची खोली तासभर उघडी असते. तेथें भिंग, चुंबक व तराजू ठेविला आहे, आणि चावलेला रुपयाहि पाहावयास मिळेल. ज्यांस आपलें नाणें तपासून घ्यावयाचें असेल त्यांनीं तें न धुतां, कागदांत गुंडाळून आणावें. पालकांनींहि यावें.